नियोजित उड्डाणाबद्दल जाहीर सत्कार

देवणी तालुक्यातल्या त्या गावात कोणी काही केलं की सत्कार होतो. काही केलं नाही तरी होतो, कारण शाली आधीच आणून ठेवलेल्या असतात. त्यामुळे बजरंग बिरादार विमानात बसणार ही बातमी फुटल्यावर पुढचं सगळं अटळ होतं.

बजरंगचा बालमित्र अमरेश वैमानिक झाला होता आणि लातूरच्या बाजूला एका खाजगी धावपट्टीवर पोरांना विमान चालवायला शिकवत होता. दोघांनी लहानपणी एकाच माळावर गुरं राखली होती. आभाळात विमान दिसलं की गुरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरेपर्यंत दोघं माना वर करून उभे राहायचे आणि मग सारखाच मार खायचे. तुला एकदा वर नेईन, असा शब्द अमरेशने तेव्हाच दिला होता. आता त्याने रीतसर परवानगी काढून फोन केला. म्हणाला, "रविवारी दुपारी ये. छोटं विमान हाय. आपल्या गावावरून चक्कर मारून आणतो. आन् कुणाला सांगू नको."

बजरंगने फक्त बायकोला, सिंधूला सांगितलं आणि तिने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. पण बजरंग बाजाराचा वार नसताना दाढी करून आला, नवी चप्पल घेतली आणि बांधावर उभा राहून आभाळाकडे बघू लागला. आपलं रान वरून कसं दिसतं, विहीर दिसते का, दावणीची गाय ओळखू येते का, एवढंच त्याला बघायचं होतं. जिवाला लागून राहिलेली अशी दुसरी इच्छा त्याला नव्हती. सरपंच शेषेरावांनी चौकशी केली, तेव्हा त्याने सांगून टाकलं, कारण त्याला खोटं बोलता येत नसे. म्हणजे तेव्हा येत नसे.

शेषेरावांची भूमिका स्पष्ट होती. उड्डाण ही बजरंगची खाजगी बाब असली तरी अभिनंदन ही सार्वजनिक बाब होती. शनिवारी फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर शेषेराव मोठे होते, त्यांचे साहेब त्याहून मोठे होते आणि खालच्या कोपऱ्यात, तालुका मावेल एवढ्या विमानाखाली, बजरंग होता.

"सरपंच, आधी जाऊन येतो की. मग करा काय करायचं ते," बजरंग म्हणाला.

"उतरल्यावर कुणाला टाइम हाय? आन् वर काही कमीजास्त झालं तर सत्कार राहूनच जायचा."

युक्तिवादात खोट नव्हती.

रविवारी बजरंगच्या मागे गाव जीपगाड्या भरून धावपट्टीवर पोचलं. फाटकावरच्या रखवालदाराने कोण, कशाला, असं विचारताच शेषेरावांनी प्रास्ताविक सुरू केलं आणि ते संपेपर्यंत सगळे आत गेलेले होते. साहेब औशाहून निघाले होते. दिवस मावळायच्या आत विमान उतरवावं लागतं, असं अमरेशने सांगितलं. शेषेरावांनी त्याची गंभीर दखल घेऊन साहेबांना पुन्हा फोन लावला. साहेब पुन्हा निघाले.

तोवर बजरंगला फेटा बांधण्यात आला, शाल घालण्यात आली. उन्हात घाम गाळत तो विमानाकडे बघत राहिला. विमान खरंच छोटं होतं, माळावर वासरू उभं राहावं तसं. ते बघून त्याला भीती वाटायच्या ऐवजी माया वाटली.

अखेर साहेब आले आणि प्रत्येक तालुक्याला विमानतळ देण्याविषयी बोलले. आता उडायचं, असं बजरंगला वाटलं, तेवढ्यात नारळ पुढे आला. आपल्याकडे ट्रॅक्टर आला, बोअरची मशीन आली, तरी नारळ फोडल्याशिवाय चाक हलत नाही. साहेबांनी विमानाच्या नाकासमोर, भर धावपट्टीवर नारळ आपटला. करवंट्या चहूकडे उडाल्या. टाळ्या झाल्या.

अमरेशचं तोंड उतरलं. एक तुकडा जरी पंख्यात गेला तरी मशीन खलास, सगळं वेचल्याशिवाय हलता येणार नाही, असं त्याने सांगितलं. गाव लगेच वाकलं. खोबरं प्रसाद म्हणून कणाकणाने वेचलं गेलं. करवंट्यांना कोणी हात लावला नाही. त्या अमरेशने आणि फेटा बांधलेल्या सत्कारमूर्तीने गुडघ्यांवर रांगत सत्काराच्या शालीत गोळा केल्या. शेवटची सापडली तेव्हा सूर्य औशाकडे उतरून गेला होता.

बजरंगला रडू आलं. ते फेट्याच्या शेमल्याने पुसत असताना शेषेराव म्हणाले, "मग बस तरी आत. फोटो होऊन जाऊ दे."

तो बसला. पट्टा लावला. फोटो झाला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो 'गगनभरारी' या मथळ्याखाली छापून आला. विमान उडालं नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण प्रत्येकाला आपण सत्काराला हजर होतो हे सांगायचं होतं, आणि न झालेल्या उड्डाणाच्या सत्काराला हजर राहणारा माणूस गाढव ठरतो. म्हणून उड्डाण झालं. पंधरा ऑगस्टला शाळेने बजरंगला अनुभवकथनासाठी बोलावलं. सुरुवातीला तो अडखळला. मग विहीर सांगितली, गाय सांगितली, आणि शेवटी टाळ्या पडल्या त्या त्याला गोड लागल्या.

दिवाळी झाल्यावर अमरेशचा फोन आला. "उद्या सकाळी ये. आपण दोघंच. कुणी न्हाई."

सकाळी बजरंगने अंघोळ केली, चप्पल घातली, गाडीला किक मारली आणि बंद केली.

"काय झालं?" सिंधूने विचारलं.

"कुणी बघितलं तर काय सांगू? पहिल्यांदा चाललो म्हणून?"

"मला सांगा की मग, वरून काय दिसलं ते."

त्याने गाडी पुन्हा स्टँडला लावली. तो रानात जाऊन बसला. थोड्या वेळाने छोटं विमान गावावर आलं आणि त्याच्या रानावरून एक सावकाश चक्कर मारून गेलं. विमानात एक जागा रिकामी होती. शेजारच्या बांधावरून शिवप्पाने हाक मारली. नारळाच्या दिवशी खोबरं वेचायला तो सगळ्यांत पुढे होता.

"बजरंगराव, वरून आपण दिसतो का हो?"

"हाव," बजरंग म्हणाला. "लई बारके दिसतो."

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त आधी घरातलं कपाट उघडावं, घडी घालून ठेवलेली शाल बाहेर काढावी, आणि ती कशाबद्दल मिळाली होती ते बायकोला मोठ्याने सांगून बघावं.