शेपूट

काशीअण्णांना एसटी सुटल्यावर बघावं. पाहुणा गाडीत बसला, हात हलवून झाले, गाडी वडखळच्या दिशेने दिसेनाशी झाली, तरी हा गृहस्थ पेणच्या स्टँडवर रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा! "अण्णा, संपलं!" म्हणावं, तर उत्तर ठरलेलं : "शेपूट रायलंय."

पेणपासून रोह्यापर्यंतची निम्मी लग्नं अण्णांच्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून गेली. आता खांदा दुखतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ते आमच्या शाळेतल्या मुलांना मोबाइलवर सिनेमा करायला शिकवतात. मी चित्रकलेचा मास्तर. वर्गाची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे करमणूकही फुकट.

एकदा तन्वीने आजीचा शॉट आणला. आजीने भाकरी थापली, तव्यावर टाकली, संपलं. अण्णांनी कपाळाला हात लावला.

"अगो, पुढं आजीनं काय केलं?"

"काय नाय. पदरानं तोंड पुसलं नि माझ्याकडं बघून हसली."

"मग तोच तुझा सिनेमा गो! भाकरी काय, सगळ्यांच्या घरी हाय. शेपूट कापायचं नाय!"

हे शेपटाचं वेड कुठलं, ते मला रोह्याजवळ वरसे गावी कळलं. तिथल्या एका जोडप्याचं लग्न अण्णांनीच शूट केलेलं. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला अण्णा दरवर्षी बिनबोलावता हजर. एकदा मलाही नेलं. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "लावा कॅसेट."

अख्खं लग्न पाहिलं. हळद, वरात, रुसलेला मामा, कॅमेरा बघून घास हातातच धरून बसलेले व्याही. यजमान पेंगायला लागले. शेवटी नवरीची जीप गेली, पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम एक मागचं दार दिसलं. दारात तांदूळ पाखडणारी बाई. "अवो, बंद करा ते. चा निवतोय," म्हणाली, हसली आणि कॅसेट संपली.

त्या काकी, अण्णांची बायको. अण्णांनी घाईत घरचीच कॅसेट त्या लग्नात कॅमेऱ्यात भरली होती. वरून लग्न भरलं गेलं, त्याने आधीचं सगळं पुसलं, आणि लग्न संपलं तिथे एवढ्याच काकी उरल्या. पुढे त्या गेल्या.

"अण्णा, कॅसेट मागून घ्या की," मी परतताना म्हटलं.

"घरी असती तर रोज लावून झिजवली असती रे. लोकांकडं हाय म्हणून टिकलीय."

यंदा गेलो तर टीव्हीला पेनड्राइव्ह. जोडप्याचा मुलगा डोलवीच्या कंपनीत लागलाय. मोठ्या हौसेने सांगू लागला, "काका, नवीन करून आणली. शेवटी दुसऱ्याच कुणाचं तरी लागलेलं, ते काढून टाकलं. कॅसेटला बुरशी धरलेली, ती फेकून दिली."

मी अण्णांकडे बघितलंच नाही.

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. "रंग चांगला आलाय."

पुन्हा हळद, पुन्हा वरात, पुन्हा तो मामा. अण्णांनी सगळं पाहिलं. जीप गेली. पडदा काळा झाला. मुलाने रिमोट उचलला.

"राहू दे रे. थोडं राहू दे."

आम्ही सगळे त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. मग अण्णाच हळू आवाजात म्हणाले, "आता बंद कर. चा निवतोय."

चहा अजून कुणी आणलाच नव्हता.