सूर्याला हात लावायचा नाही

सूर्य उगवायला उशीर करतो म्हणून त्याला दमात घेणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. कडेगावचे तात्या फोटोवाले. भल्या पहाटे डोंगरासमोरच्या माळावर तिपाईवर कॅमेरा रोवायचा, डोक्यावरून काळं फडकं ओढायचं आणि आतून ओरडायचं, "ये रं लवकर. आन् वर आल्यावर हलू नगं."

"हलू नगं" हे त्यांचं ब्रीद. फोटोला बसलेल्यांना ते म्हणतच, पण म्हशीलाही म्हणत, आणि एकदा गालावर वस्तरा टेकवलेल्या न्हाव्यालाही म्हणाले होते.

लढाईमुळे फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या. लग्नाची गिऱ्हाइकं परत जात, पण सूर्यासाठी तात्या एखादी काच दडवून ठेवीत. माणसांच्या काचेवर त्यांचा हात मोकळा चाले. खिडकीशी बसून बारीक पेन्सिलीनं ते देवीचे वण बुजवीत, मिटलेले डोळे उघडीत, हनुवटी नसलेल्याला हनुवटी देत. एकदा फोटो पसंत पडून पाहुणे आले, आणि मुलगी समोर येऊन बसली तरी "आता मुलगी दाखवा" म्हणत राहिले. सूर्योदयाच्या काचेला मात्र कधी पेन्सिल लागली नाही. "माणूस सुदारावा लागतो," तात्या म्हणत. "सूर्याला हात लावायचा न्हाई."

मला हा माणूस पटत नसे. बेचाळीसनंतरचे दिवस. आम्ही चोरून पत्रकं छापायचो आणि रानावनातून गावोगाव पोचवायचो. देश पेटलाय आणि तुम्ही उजेडाचे फोटो काढता, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं. "त्यो बी रोज पेटतोय की," एवढंच ते बोलले.

आणि एका पहाटे पत्रकांचं बोचकं पाठीवर घेऊन मी डोंगराची धार ओलांडत होतो. वर दम घ्यायला थांबलो. मागून सूर्य आला. खाली माळावर तात्या काळ्या फडक्यात होते.

दुसऱ्या दिवशी कळलं, कुणीतरी चावडीवर बोललं होतं. धारेवर बोचकेवाला उभा होता आणि तात्यांनी नेमका तेव्हाच फोटो घेतला. जमादार काच न्यायला निघाला होता. त्या काचेवर मी होतो. माझ्यामागून बाकीचे सापडले असते.

मी दुकानात घुसलो तेव्हा तात्या खिडकीशी होते, हातात पेन्सिल नव्हती, पातं होतं. मी म्हणालो, काच फोडा. ते म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मनासारखा उगवलाय. निदान मला तरी पुसा, मी म्हणालो. त्यावर त्यांनी शांतपणे समजावलं की काचेवर सगळं उलटं असतं. फोटोत काळा येणारा माणूस तिथे कोरा असतो, आणि कोरी जागा पेन्सिलीनं भरली की उजेडाला धरताच भरलेली दिसते. मी चिडून काच हिसकावणार, तोच बाहेर बूट वाजले.

तात्यांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कोट माझ्या अंगात चढवला, बांधलेला फेटा डोक्यावर दाबला आणि मला खुर्चीत ढकललं.

"हलू नगं, नवरदेव."

जमादार माझ्याकडे बघून हसला. नवरदेव घामेजलाय म्हणाला. तात्या म्हणाले, मुलगी बघून आलाय. मग जमादारानं काच मागितली. तात्यांनी ती स्वतः खिडकीच्या उजेडात धरली. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"ह्यो कोण धारेवर?"

"आमचा म्हादू."

"तात्या, तुमचा म्हादू तर पलटणीत, बर्मात हाय."

"हाय की. म्हणून तर म्याच हुबा केला हितं. बघा, खरवडल्यालं दिसतंय. पटका, पाठीवरचा पलटणीतला पिट्टू. समदं पात्यानं केलंय."

जमादारानं काच डोळ्याजवळ नेली. पात्याचे ताजे ओरखडे लख्ख दिसत होते. मग काच परत देताना त्यानं हळूच विचारलं, "पोराचं काय कळलं?"

"कळंल," तात्या म्हणाले.

जमादार निघून गेला. खरा माणूस ओरखड्यांमुळे खोटा ठरला होता. मी फेटा उतरवला, उपकार मानायला तोंड उघडलं. तात्या काचेकडेच बघत होते.

"उपकार कशाचं रं? तू यायच्या आदीच खरवडाय बसलो हुतो. काच पयल्यांदा उजेडाला धरली, तवा तुजं ते हुबं ऱ्हाणं बघून मला वाटलं..." ते थांबले. "त्यो बी असाच एका पायावर भार देऊन हुबा ऱ्हातो."

आता राज्य आपलं आहे. लढाई संपली, कित्येक पलटणी परत आल्या. म्हादू आला नाही. तात्या अजून पहाटे माळावर जातात, पण सूर्याला दमात घेत नाहीत.

तो फोटो दुकानात दारासमोरच लावला आहे. कडेगावला गेलात तर तेवढ्यासाठी आत जा. धारेवर उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवून विचारा, हा कोण? आणि तात्या म्हादूचं सांगू लागले की घाई करू नका. ते थांबेपर्यंत जागचे हलू नका.