मत नको, आप्पा!

आमच्या गावात निवडणूक लागली की उमेदवार घरोघर मतासाठी हात जोडतात. फक्त सटवाजी आप्पांच्या दारात ते वेगळं बोलतात. "आप्पा, पाया पडतो, तेवढं आमाला मत देऊ नका."

कारण सोपं आहे. आप्पा पडणाऱ्यालाच मत देतात. कोण पडणार हे आधी ठरवतात, टपरीवर चहा पिताना मोठ्याने सांगतात, आणि आप्पांनी नाव घेतलं की काठावरची मतंही दुसरीकडे सरकतात.

सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव मतदानाच्या बाबतीत सरळ आहे. विधानसभेला लोक जात बघतात, जिल्हा परिषदेला सोयरा बघतात आणि ग्रामपंचायतीला बांध. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याच्या विरोधकाला मत. मी महिला बचत गटाचं काम बघते, त्यामुळे कोणती गल्ली कुठे झुकली आहे ते मला बसल्या जागी कळतं. आप्पांना त्यासाठी आठवडा लागतो. शेळ्या हाकत ते सगळ्या गल्ल्या फिरतात, प्रत्येक ओट्यावर टेकतात, पाणी मागतात आणि उठताना विचारतात, "मंग, कोण पडून राहिलं औंदा?" कोण निवडून येणार, हे त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मी एकदा म्हटलं, "आप्पा, दरवेळी मत वाया काहून घालवता?"

"निवडून येनाऱ्याला माझं मत काय करायचं, ताई? त्याला गाव हाय की."

एका वर्षी वरच्या गल्लीच्या पॅनेलप्रमुखाने त्यांना हळूच बोलावलं. "विरोधकाच्या ओट्यावर बसून नुसता चहा प्या, आप्पा. लोकांनी बघितलं की त्यो पडलाच म्हना." आप्पांनी कप खाली ठेवला. टपरीवर जाऊन सांगितलं, "वरच्या गल्लीचं पॅनेल गेलं. लय घाबरलंय." पॅनेल गेलं.

मागच्या ग्रामपंचायतीला आप्पांच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव निघाली. खालच्या गल्लीतल्या दत्तरावने बायकोचा, कमलचा, अर्ज भरला. कमलला त्याने विचारलं नव्हतं, फक्त सही कुठे करायची ते दाखवलं. तिचं स्वतःचं मत, घरच्या सगळ्यांची मतं दुसऱ्या वॉर्डात. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि दत्तरावने समोरच्या पॅनेलशी हातमिळवणी केली. आता तो दारोदार सांगत फिरू लागला की माझ्या बायकोला मत देऊ नका.

कमल बॅनरवर छापलेला स्वतःचा फोटो बघून आधी लाजली होती, मग पदर नीट करून दोनदा बघून आली होती. दत्तरावने तो बॅनर काढून शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला. ती माझ्याकडे आली.

"ताई, पडायचं मला काही वाटत न्हाई. पण एकदम भोपळा यील का हो? माहेरचे लोक काय म्हनतील?"

मी हिशेबी बाई. माझं मत गल्लीपलीकडच्या वॉर्डात, पण आप्पांच्या वॉर्डातली घरं मनात फिरून आले. येईल, असंच दिसत होतं. तसं सांगितलं नाही. बघू, म्हटलं.

दत्तरावला मात्र आप्पांची धास्ती. मतदानाच्या आदल्या दिवशी तो त्यांच्या ओट्यावर आला. मी शेजारीच तूर पाखडत होते.

"आप्पा, तिला एक बी मत पडायला नको. मी जबान दिली हाय. एक जरी निघालं तरी ते म्हनतील, दत्तराव दुटप्पी."

"जबान तुझी हाय."

"मंग?"

"नाव तिचं हाय."

"आप्पा, तुमाला तकलीफ काय हाय? दुसरे बी पडून राहिले की!"

"त्यायला घरचे तरी हायेत," आप्पा म्हणाले आणि शेळीच्या पायातला काटा काढायला वाकले.

मतमोजणीला तहसीलला कमलची प्रतिनिधी म्हणून मीच गेले, कारण नवरा समोरच्यांच्या जीपमधून आला होता. साहेब एकेक नाव वाचत होते. कमलचं नाव आलं, साहेबांनी आकड्याकडे पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "एक."

सगळे हसले. दत्तराव सोडून. बाहेर चिंचेखाली उभ्या असलेल्या कमलला मी सांगितलं, तर ती पण हसली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. "एक हाय म्हना की," ती म्हणाली.

गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा आप्पा शेळ्यांसह तिथेच उभे. कोण निवडून आलं ते मी सांगू लागले, त्यांनी हाताने थांबवलं.

"कमलचं वाचलं का?"

"वाचलं. एक."

"मोठ्यानं वाचलं?"

"हो, आप्पा. सगळ्यांना ऐकू गेलं."

त्यांनी मान हलवली. शेळ्या पुढे गेल्या होत्या, तरी ते हलले नाहीत.

"आमच्या घरच्या बाईला बी एकदा असंच उभं केलं व्हतं. तिचं मत दुसऱ्या वॉर्डाच्या यादीत, तिच्या वॉर्डात माझं एकट्याचं. मी मेंढरं घेऊन लांब रानात. म्हनलं, एका मतानं काय व्हतंय." त्यांनी पटक्याचं टोक डोळ्यांवरून फिरवलं. "तिचं बी लय मोठ्यानं वाचलं व्हतं, ताई. शून्य."