सबनीसांचा अति गोपनीय रकाना

सबनीस बोलण्याआधी वाक्याला लेबल लावतात. "सार्वजनिक. आज उकडतंय." "अंतर्गत. कँटीनच्या राजम्याला हात लावू नका." आणि मग आवाज उतरवून, "गोपनीय. माझी दाढ काढायचीय."

नोएडातल्या आमच्या ऑफिसात त्यांचं कामच ते. आमच्या कंपनीचे मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. तिथल्या आणि इथल्या माणसांची सगळी माहिती सिस्टीममध्ये गोळा होते, माझी टीम तिचे तक्ते आणि आलेख करते. त्यातला कुठला रकाना कुणाला दिसावा, हे सबनीस ठरवतात. त्यांनी एकदा लेबल लावलं की पुढची राखण सिस्टीमच करते. त्या रकान्यातून काढलेल्या प्रत्येक तक्त्याला तेच लेबल आपोआप चिकटतं. डाऊनलोड बंद, मेल बंद.

"विरजणासारखं आहे, देवधर," ते मला सांगत. "चमचाभर पडलं की पातेलंभर दही. मग दुधाने तक्रार करायची नाही."

हे वाक्य मी कँटीनमध्ये चष्मा वर सरकवत, त्यांच्या आवाजात करून दाखवायचो. शेजारच्या टेबलावरचा खन्ना टाळ्या वाजवायचा. "यार, सबनीसजी की चाय पर कौन सा लेबल है?" एकदा सबनीस माझ्या मागेच ट्रे घेऊन उभे होते, तरी मी नक्कल पूर्ण केली. पन्नाशीच्या माणसाने असं करू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांच्या पाठीमागे मी केलेली सर्वांत वाईट गोष्ट ती नव्हे. मी त्यांचं एक लेबल उतरवलं.

झालं असं, की कंपनीत सगळीकडे आगीचं मॉक ड्रिल ठरलं. संकटात कुणाच्या घरी कुणाला फोन करायचा, ती यादी सगळ्या सुपरवायझरांना त्याच दिवशी पाठवा, असं मानेसरहून कळवलं होतं. मी यादी केली. सिस्टीम पाठवू देईना. तो रकाना 'अति गोपनीय'.

"सबनीस, बायकोच्या फोन नंबरात कसलं आलंय गुपित?"

"सगळ्यांना बायको असते असं नाही. अडीअडचणीला आपल्यासाठी कोण धावून येईल, हे माणूस कंपनीला विश्वासाने सांगतो. दोन दिवस द्या. प्रत्येक सुपरवायझरला फक्त त्याच्या माणसांची नावं दिसतील, अशी सोय लावतो."

"आज हवीय."

"मग आज नाही."

टीमप्रमुख म्हणून लेबल उतरवायचा अधिकार मलाही होता. ते जेवायला गेल्यावर मी तो वापरला. सिस्टीमने कारण विचारलं. मी लिहिलं, "तातडीचं काम." यादी उघडली. पाठवण्याआधी माझ्या घरचा नंबर बरोबर आहे ना, म्हणून माझं नाव शोधलं. ते दोनदा आलं. एकदा माझ्या ओळीत, एकदा सबनीसांच्या.

संकटात कळवा: देवधर. नातं: सहकारी.

दोन वर्षांपूर्वी, त्यांची आई गेली त्या महिन्यात, ते भरलेलं होतं. त्या वेळी मी शोकाच्या कार्डावर सगळ्यांच्या खाली सही केली होती, बस.

ही यादी खन्नाकडेही जायची होती. आमच्या मजल्याचं मॉक ड्रिल त्याच्याकडे होतं. ती वाचून तो हसला असता, आणि हसायला त्याला मीच शिकवलं होतं. मी लेबल परत लावलं. पुन्हा कारण विचारलं गेलं. "चुकलो," असं लिहिलं.

असल्या बदलाची खबर सबनीसांना आपोआप जाते. ते ओल्या हातांनीच माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कुणाला गेली?"

"कुणालाच नाही."

"तुम्ही वाचलीत?"

"वाचली."

ते खिडकीबाहेर जाणाऱ्या मेट्रोकडे बघत म्हणाले, "फॉर्म रकाना रिकामा सोडू देत नाही हो. काहीतरी भरावं लागतं. बदलतो मी."

"बदलू नका," मी म्हणालो. "पण सबनीस, तुमचं घर कुठे आहे? उद्या फोन आला तर मी धावणार कुठे?"

मानेसरकडून मी दोन दिवस मागून घेतले. सबनीसांनी खुर्ची ओढली. करोल बाग, मेट्रोतून उतरल्यावर डावीकडची तिसरी गल्ली, खाली साड्यांचं दुकान, वर तिसरा मजला. कडी जरा जोरात वर ओढायची. दुसरी किल्ली समोरच्या भाटियाआंटींकडे. बीपीच्या गोळ्या फ्रिजवर. कुठे न अडखळता ते सांगत होते, दोन वर्षं कुणीतरी विचारायचीच वाट पाहत असल्यासारखे.

मी सगळं लिहून घेतलं, आणि रविवारी बायकोला घेऊन तो जिना एकदा चढून आलो.