हणमंतकाका आणि दोन कॅमेरे

गाईचा फोटो काढण्याआधी तिला स्वतःचं नाव, हुद्दा आणि मुक्काम सांगणारा माणूस मी आजवर एकच पाहिलाय. आमचे शेजारी, हणमंतकाका बिराजदार.

पहिल्यांदा पाहिलं ते औशाच्या जनावरांच्या बाजारात. एका देवणी जातीच्या गाईसमोर काका टोपी हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, मालकाशी बोलताहेत. पण मालक तर चहाला गेला होता. काका गाईलाच सांगत होते, "मी हणमंत बिराजदार. रिटायर ड्रेसर, जनावरांचा दवाखाना. सध्या मुक्काम लातूर. आपला एक फोटो घ्यायचा हाय. सुई-बिई काही न्हाई, भिऊ नका."

गाईनं शेपटी हलवली. काकांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि कामाला लागले.

"काका, गाईला अहो-जाहो?" मी विचारलं.

"तीन वेताची गाय हाय, सर. अरेतुरे कसं करायचं?"

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून मी 'सर'. काकांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यांत गेली. जखमा धुणं, पट्टी बांधणं आणि डॉक्टर सुई टोचत असताना जनावर धरून ठेवणं हे त्यांचं काम. "डॉक्टर टोचून मोकळे व्हायचे," काका सांगतात, "पण जनावर बघायचं माझ्याकडं. सगळ्या तालुक्याची गुरं मला दुश्मन समजून राहिली. आता रिटायर झालोय, तर जरा वळख दुरुस्त करून राहिलो."

या दुरुस्तीसाठी एक जाड वही आहे. डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर माहिती. नाव, गाव, वय आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, स्वभाव. 'सर्जा, औसा. स्वभाव : तापट, पण मनात काही ठेवत नाही.' 'चंद्री म्हैस, रेणापूर. स्वभाव : मानी. दुसऱ्या म्हशीचं कौतुक खपत नाही.' सुभद्राकाकू, म्हणजे काकांच्या मंडळी, ही वही दाखवताना एक वाक्य नेहमी जोडतात. "लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझी नोंद अजून न्हाई हिच्यात."

"तुझा स्वभाव एका पानात बसंना," काका म्हणतात.

कॉलनीतल्या एका लग्नात कुणीतरी हौसेनं काकांना वरातीचे फोटो काढायला सांगितलं होतं. फोटो उत्तम आले. घोडी डावीकडून, घोडी उजवीकडून, घोडी समोरून. नवरदेव कमरेपर्यंत. नवरदेवाचे वडील जरा घुश्शातच आले, तर काका म्हणाले, "आवो, तिच्या कानाशी बँड वाजून राहिला होता, तरी कशी शिस्तीत उभी हाय बघा. पोरगा तर नुसता बसलाय."

तर असे काका, आणि त्यांचा छोटासा जुना कॅमेरा. गेल्या वर्षी रेणापूरला एका वासरानं त्या कॅमेऱ्याचा पट्टा चघळायला घेतला. काकांनी ओढला, वासरानंही ओढला आणि कॅमेरा पाण्याच्या हौदात गेला. कुणीतरी सांगितलं, तांदळात ठेवा, सुकतो. काकांनी ज्वारीत ठेवला. "आपल्याकडं ज्वारी हाय, तर तांदूळ कशाला?" आठ दिवसांनी कॅमेरा ज्वारीतून निघाला तो मेलेलाच. त्या ज्वारीच्या भाकरी मात्र काकूंनी महिनाभर काकांना सुनावत वाढल्या.

काका घरी बसले. सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी तोच पेपर. मोबाईलवर फोटो काढा म्हटलं, तर म्हणाले, "जनावराशी बोलताना मधीच फोन आला तर? बरं दिसत न्हाई."

मला आठवलं, आपल्याकडे एक कॅमेरा पडून आहे. मुलगी झाली तेव्हा हौसेनं घेतलेला मोठा डीएसएलआर. दोन सहली आणि चार वाढदिवस एवढीच त्याची कामगिरी. पुढं मी त्याला कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला. जेल निळं आहे की ओल धरून गुलाबी झालंय, एवढं दर महिन्याला पाहायचो. कॅमेऱ्याशी माझा संबंध तेवढाच उरला होता. म्हटलं, काकांना देऊन टाकू. सोन्यासारखा कॅमेरा, सोन्यासारखा माणूस.

त्याच आठवड्यात काकांच्या पुतण्याचा नांदेडहून फोन आला. तिथल्या वजिराबादेतल्या एका दुकानात वापरलेला पण चांगला, छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा आलाय. पाण्यात बुडवा, दगडावर आपटा, काही होत नाही.

झालं. कॉलनीत दोन तट पडले. समोरचे निवृत्त तलाठी माझ्या बाजूचे. "फोटो म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचाच." काकू विरुद्ध बाजूला. "ह्यांच्या हातून पडणारच हाय. पडणाराच घ्या." काकांनी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. मोठ्याच्या बाजूला लिहिलं, 'फोटो भारी. सरांचा मान.' छोट्याच्या बाजूला, 'पाणी, चिखल, शेण, लाळ, पडणे, सुभद्रा.'

मी म्हटलं, आधी वापरून तर बघा. काका माझा कॅमेरा गळ्यात घालून दोन दिवस फिरले आणि तिसऱ्या दिवशी आले. संगणकावर फोटो उघडला आणि मी पाहतच राहिलो. देवणी बैल. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. नाकपुडीवरचे थेंब. मागचा बाजार धुक्यासारखा विरलेला. इतक्या वर्षांत माझ्या हातून या कॅमेऱ्यातून असं काही निघालं नव्हतं.

"काका, हा फोटो मोठा करून भिंतीवर लावा!"

काका बराच वेळ बघत बसले. मग बोटानं दाखवत म्हणाले, "कान बघा, सर."

मी कान पाहिले. कान होते. आणखी काय बघायचं ते मला कळलं नाही.

रविवारी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो. दुकानदार पन्नाशीचे, हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी कॅमेरा काढून दाखवताच काका म्हणाले, "बादली हाय का?"

बादली आली. कॅमेरा बुडाला, बाहेर आला, चालू होता. काकांनी तो गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर सोडला. मी डोळे मिटले. दुकानदारांनी नाही मिटले, आणि कॅमेऱ्याला काही झालं नाही.

"म्हशीनं चाटलं तर?"

"काका, पाण्याची गॅरंटी हाय. लाळेचं कंपनीनं काही लिहून दिलेलं न्हाई."

"बरं. मग आता तुम्ही जरा म्हैस व्हा."

"काय?"

"नुसतं उभं ऱ्हावा. मी वळख देतो."

आणि भर दुकानात काकांनी टोपी काढून त्या गृहस्थांना आपलं नाव, हुद्दा आणि मुक्काम सांगितला. कॅमेरा छातीशी धरलेला, नजर मात्र दुकानदारांच्या तोंडाकडे. दुकानदार आधी बावरले, मग गालात हसले, मग खदखदून हसले. त्याच क्षणी काकांनी बटण दाबलं.

मी फोटो पाहिला. खरं सांगायचं तर साधाच होता. दुकानात उजेड कमी, म्हणून सगळीकडे दाणे दाणे. "काका, माझ्या कॅमेऱ्यात पापण्या दिसत होत्या," मी म्हटलं.

"व्हय. लई फरक हाय," काका म्हणाले आणि छोटा कॅमेरा घेऊन मोकळे झाले.

मला लागलं, खोटं कशाला बोलू? परतीच्या एसटीत लोह्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. मग काकांनी विचारलं, "नाराज झालात, सर?"

"छे," मी म्हटलं. होतो.

यानंतर जे झालं, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलोय.

माझे वडील, दादा, आमच्याकडे असतात. त्र्याऐंशी वर्षांचे. उभा जन्म प्राथमिक शाळेत मास्तर. गेली दोन वर्षं त्यांना काही आठवत नाही. मी कोण, हे सकाळी माहीत असतं, दुपारी नसतं. या दोन वर्षांत त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. समोर मोबाईल धरला की दोन्ही हातांनी तोंड झाकायचे आणि म्हणायचे, "मला नेऊ नका." माझी बहीण नांदेडला असते. तिला प्रवास झेपत नाही. दर फोनला ती विचारायची, "दादांचा एक फोटो पाठव ना रे." मी काय पाठवणार? झाकलेलं तोंड?

नांदेडहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला काका माझी कॅमेऱ्याची बॅग परत द्यायला आले. दादा व्हरांड्यात खुर्चीवर होते. काका आत आलेच नाहीत. दादांच्या समोर, खालच्या पायरीवर बसले. टोपी काढली.

"मी हणमंत बिराजदार. ड्रेसर."

दादांनी त्यांना न्याहाळलं. "कितवीत आहेस?"

"चौथी ब, गुरुजी," काका पटकन म्हणाले.

"पाढे येतात?"

"सतरापर्यंत येतेत."

"म्हण."

आणि पांढऱ्या मिशांचे काका हात बांधून पाढा म्हणू लागले. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. दादांची मान ठेक्यावर हलायला लागली. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. मी दारात उभा.

"सतरा पाचे त्र्याऐंशी."

"पंच्याऐंशी!" दादा खुर्चीत ताठ झाले. बोट वर. डोळ्यांत तीच जरब, जिनं मलाही सतराचा पाढा पाठ करायला लावला होता. आणि जरबेच्या मागून, चूक सापडल्याचं हसू.

काकांचे हात बांधलेलेच होते. त्यांच्या काखेतून छोटा कॅमेरा डोकावत होता. तो कधी चालू झाला आणि बटण कधी दाबलं, मला समजलंच नाही. दादांना तर नाहीच.

तो फोटो मी बहिणीला पाठवला. लगेच तिचा फोन आला. एवढंच म्हणाली, "माझ्याकडं बघून राहिलेत रे." दोन वर्षांनी आमचे दादा आमच्याकडे बघत होते. याबद्दल कुणाचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे, ते मला अजून सुचलेलं नाही.

मी काकांना म्हटलं, "मुद्दाम चुकलात ना?"

"न्हाई हो. सतराचा खरंच येत न्हाई मला."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. आता नाराजी कसली राहणार? पण एक कोडं होतंच. "काका, खरं सांगा. मोठा कॅमेरा का नको होता? लाळ आणि चिखल सोडून सांगा."

काका टोपीची घडी घालत राहिले. मग हळूच बोलले.

"आमचे अप्पा शेवटी असेच झाले होते, सर. दादांसारखे. मी नोकरीवर. आठ-पंधरा दिवसांनी घरी जायचो. एकदा डॉक्टरसाहेबांचा मोठा कॅमेरा मागून नेला, म्हणलं, अप्पांचा एक फोटो तरी असू द्या. डोळ्याला लावला. तर अप्पांना माझं तोंडच दिसंना. समोर नुसतं काळं यंत्र. 'कोण हाय, कोण हाय' करायला लागले. मी म्हणलं, अप्पा, मी हाय. पण कॅमेरा खाली घेतला न्हाई. म्हणलं, फोटो जाईल." काकांनी टोपीची घडी पुन्हा उलगडली. "त्यांनी मला हात जोडले, सर. साहेब आलाय वाटलं असंल. मी बटण दाबलं. तेवढाच फोटो हाय. भिंतीला कधी लावला न्हाई."

काकांनी शेजारच्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बोट दाखवलं.

"तुमच्या कॅमेऱ्यातल्या बैलाचे कान मागं गेले होते. भ्यालं होतं जनावर. यंत्र डोळ्याला लावलं की आपण दिसतच न्हाई समोरच्याला. छातीशी धरलं की तोंड तरी दिसतं. एवढंच."

दादांचं लक्ष आहे असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण ते खुर्चीतून पुढं वाकले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवलास का रे?"

दुपारचे साडेचार झाले होते. काका जेवून, झोपून, चहा पिऊन आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दादांकडे बघत म्हणाले, "न्हाई. अजून न्हाई जेवलो."

"भूक लागली असेल. वाढा त्याला," दादांनी मला फर्मावलं.

मी आत गेलो. सकाळची भाकरी होती, वरण होतं, शेंगदाण्याची चटणी होती. ताट आणून ठेवलं. सहासष्ट वर्षांचे हणमंतकाका पायरीवर मांडी घालून जेवू लागले. दादा प्रत्येक घासाकडे लक्ष देऊन पाहत होते.

"सावकाश खा," दादा म्हणाले.