सगळ्यांची तोंडं पूर्वेला

पोरांनो, आधी एक सांगा. आंब्याची करंडी घ्यायची झाली तर विश्वास कोणावर ठेवाल? वरच्या थरावर, विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर, की तळापर्यंत घातलेल्या स्वतःच्या हातावर? घाई नाही. गोष्ट ऐका, मग सांगा.

एका जंगलात एक माळ होता आणि माळावर मुंगसांचं कुटुंब राहायचं. नऊ जणांचं, आणि नऊच्या नऊ जण खो-खोवेडे. त्या घरात जेवायची पंगतसुद्धा एक तोंड पूर्वेला, एक पश्चिमेला अशी बसायची. वाढणारीचे हाल व्हायचे, पण सवय मोडायची नाही.

त्यांचं घरच या खेळावर उभं होतं. माळावरची बिळं कोणाची, हे दर वर्षी एका सामन्यात ठरे. तीन ससे पळायचे, मुंगसांनी धरायचे. जांभळाची सावली वारुळाला टेकायच्या आत तिन्ही बाद झाले तर बिळं वर्षभर मुंगसांची. एक जरी ससा उरला तर सशांची. मुंगसं आजवर हरली नव्हती.

घरातला कर्ता दगडोबा. सगळ्यांत चपळ म्हणाल तर त्याची सून हौसा. ती पश्चिमेकडे तोंड करून बसायची, आणि तिला खो मिळाला की ती दिसायचीच नाही, नुसता धुरळा दिसायचा.

एके दिवशी सिंहाच्या दरबारातून दवंडी आली. 'आदर्श क्रीडाप्रेमी कुटुंब' निवडून त्याला मानपत्र द्यायचं आहे. अर्जासोबत फोटो जोडावा. तो मोकळ्या हवेत काढलेला असावा आणि सगळे हसत असावेत. खेळ येतो की नाही, याचा रकाना अर्जात नव्हता.

दगडोबाने तांबट पक्ष्याला बोलावलं. जंगलातला तो एकुलता एक फोटोग्राफर. टुक टुक हा आवाज त्याच्याकडे पिढीजात होता, कॅमेरा मागाहून आला.

आठ जण नेहमीसारखे एकाआड एक बसले, दगडोबा मधे उभा राहिला. तांबटाने मान वाकडी करून बघितलं. म्हणाला, निम्म्या मंडळींच्या पाठी येताहेत. शेपट्यांना कोणी मान देतं का? सगळ्यांनी पूर्वेला, कॅमेऱ्याकडे तोंडं करा.

सगळे वळले. हौसा तेवढी वळली नाही.

"मामंजी, मग पश्चिमेकडे बघायचं कोणी?"

"फोटोत पश्चिम येत नाही, सूनबाई," दगडोबा म्हणाला.

तांबटाने फार वाद घातला नाही. गिऱ्हाइकाच्या घरात भांडण लावलं तर पुढचं काम जातं, हे त्याला कळत होतं. त्याने पळसाची फुललेली फांदी आणून हौसाच्या पाठीवर आडवी टाकली. टुक टुक. फोटो झाला.

आणि फोटो झाला मोठा देखणा. दगडोबा दिवसातून चारदा बघायचा. इतकी वर्षं खेळून आपण असे दिसत असू, हे त्याला माहीतच नव्हतं.

निवड अर्थातच झाली. पत्र घेऊन दरबारचा कारकून आला. कारकून म्हणजे साळिंदर, त्याला लेखणीची कधी ददात नाही. पत्रात लिहिलं होतं की यंदाचा सामना बघायला महाराज स्वतः येतील, तरी कुटुंबाने फोटोत दिसतं तसंच दिसावं.

हौसाने रात्रभर समजावलं. दगडोबाने ऐकलं सगळं, पण त्याच्या डोळ्यांसमोर फोटो होता.

सामन्याच्या दिवशी सिंह पूर्वेला बसला. शेजारी तांबट, शेजारी वही उघडून साळिंदर. मुंगसं बसली, सात तोंडं पूर्वेला आणि हौसाचं पश्चिमेला. पळसाची फांदी आता बहर संपल्यामुळे मिळाली नव्हती.

आता खेळ ठाऊक नसेल तर ऐका. धरायला धावणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, पळणाऱ्याला येते. खो पाठीमागूनच द्यायचा. ज्याला दिला तो आपल्या तोंडाच्या बाजूला धावत सुटतो, आणि देणाऱ्याने त्याच्या जागी त्याच्याच दिशेला तोंड करून बसायचं.

दगडोबा पूर्वेच्या अंगाने धावू लागला. ससे थोडे पळाले, मग त्यांच्या ध्यानात आलं. टुणकन रेघ ओलांडून तिघेही पश्चिमेला गेले. दगडोबाने रेघेच्या टोकाच्या खांबाला वळसा घालून तिकडे जायचं, तर तो ओळीच्या आड गेला असता आणि महाराजांना दिसला नसता. म्हणून तो पूर्वेलाच धावत राहिला, हसतमुखाने.

तिकडे एक ससा गवत खाऊ लागला. दुसऱ्याने कान खाजवले. तिसरा आडवा झाला. खेळात झोपण्याबद्दल सशांचं नाव मुळातच बद्दू, पण या वेळी झोपही फळाला आली.

सावली वारुळापासून हातभर राहिली. समोर सात तोंडं होती, त्यांना खो देता येईना. पाठ एकच होती. दगडोबा हौसाच्या मागे येऊन थांबला.

"मामंजी, खो द्या," हौसा हळूच म्हणाली. "तिघेही बसलेत."

दगडोबाने पंजा उचलला. मग त्याला आठवलं. खो दिला की तिच्या जागी बसायचं. पश्चिमेला तोंड. महाराजांना पाठ. त्याने पूर्वेकडे बघितलं. तांबटाचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता.

दगडोबाने त्याच पंजाने मिशा सारख्या केल्या आणि पुढे धावला. सावली वारुळाला टेकली.

सशांचा म्होरक्या केरबा जवळ आला. तोच जरा शरमला होता. "काका," तो म्हणाला, "थोडं पळवायचं तरी."

कराराप्रमाणे ससे बिळांत राहायला गेले. कराराप्रमाणेच मुंगसांना मानपत्र मिळालं. ते टांगायला भिंत नव्हती, म्हणून दगडोबा हातात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी तांबट परत आला. दरबाराला आणखी एक फोटो हवा होता, 'मोकळ्या हवेत रमलेलं कुटुंब'. मंडळी मोकळ्या हवेतच होती, आणायला जावं लागलं नाही. सगळ्यांनी पूर्वेला तोंडं केली. हौसा पाठमोरी.

"सूनबाई, आता तरी वळा," दगडोबा म्हणाला. "काय राहिलंय तिकडे?"

"घर, मामंजी."

दगडोबाची मान थोडी वळली.

"हलू नका," तांबट म्हणाला. टुक टुक.

तात्पर्य: खेळ कोणालाही येतो, तोंड कुठे करावं हे फार थोड्यांना कळतं. बिळं काय, सशांनाही मिळतात. मानपत्र मिळायला घराणं लागतं.

जाता जाता एवढंच मागणं, पोरांनो. साळिंदराच्या वहीत 'बाद झालेले ससे' या रकान्यात 'प्रेक्षणीय' असं लिहिलेलं आहे, आणि खाली महाराजांचा पंजा उमटलेला आहे. तुमच्या वहीत तिथे शून्य लिहा. हिशेब तेवढा खरा ठेवा.