तीन धडधाकट माणसं

लायल प्राउझच्या परसात तुतीच्या फांद्यांचा ढीग पडून होता आणि त्या ढिगावरून त्याच्या मुलीने त्याला पुरतं पेचात पकडलं होतं.

"बाबा, नाताळात म्हणालास, उन्हाळा सरला की जाळतो. उन्हाळा सरला," रोवेना पर्थहून फोनवर म्हणाली. "एप्रिलअखेर अँझॅक डेची सुट्टी आहे, तिच्या आधीच्या शनिवारी मी येतेय. तोवर तो ढीग गेला नसेल, तर घर विकायला काढायचं आणि तू इकडे यायचं. कबूल?"

"कबूल," लायल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. फोन ठेवायची त्याला नेहमीच घाई असे. ठेवून झाल्यावर मात्र तो बराच वेळ फोनकडे बघत बसे.

तुतीचं झाड त्याच्या बायकोने, मर्लने लावलेलं. मर्ल गेली, आणि पुढच्याच हिवाळ्यात वादळाने झाडही आडवं केलं. लायलने ते एकट्याने तोडलं, एकट्याने रचलं. जाळणंही एकट्याने उरकलं असतं, पण कुराबिन गावात रान वाळलेलं असेपर्यंत उघड्यावर काडी ओढायची तर परवाना लागतो, आणि परवाना ग्वेंडा टकेट देते. ग्वेंडाची मेंढरं आहेत. वणव्याच्या दिवसांत ती गावच्या स्वयंसेवी अग्निदलाची अधिकारी असते, आणि त्या दिवसांत ती सख्ख्या भावालाही ओळख देत नाही.

तिने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून अटी वाचून दाखवल्या. वारा पडलेला हवा. पाण्याची नळी हाताशी हवी. शेजाऱ्याला आधी कळवायला हवं. आणि विस्तव पूर्ण विझेपर्यंत तीन धडधाकट माणसं जागेवर हवीत.

"म्हणजे मी आणि आणखी दोघं," लायल म्हणाला.

ग्वेंडाने त्याच्या काठीकडे पाहिलं, मग डॉक्टरांनी बसवलेल्या त्याच्या नव्या खुब्याकडे पाहिलं. "तू धडधाकट नाहीस, लायल. तुला धरून चार."

"मग तू उभी राहा की."

"परवाना देणारीच मोजणीत उभी राहिली तर मग नियम कशाला करायचे? तीन माणसं आण. एवढ्या गावात तीन माणसं मिळणार नाहीत होय?"

हा प्रश्न तिने सहज विचारला होता. लायलला तो घरी येईपर्यंत टोचत राहिला. त्याने स्वयंपाकघरात बसून आठवून पाहिलं. जी माणसं हक्काने आली असती, त्यातली बरीचशी गावाबाहेरच्या दफनभूमीत पोचली होती. उरलेली सगळी मर्लची माणसं. गावाशी बोलायचं काम मर्लचं होतं. लायल आतून "माझाही नमस्कार सांग" एवढं ओरडायचा. ती गेली तेव्हा अर्ध्या गावाने रश्श्याची भांडी आणून दिली. लायलने ती एकूण एक घासून परत केली, पण भल्या पहाटे, दारात ठेवून, बेल न वाजवता. कुणाची झोपमोड नको, असा त्याचा विचार. याला आमच्या गावात पुन्हा येऊ नका असं म्हणणं समजतात, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. सांगणारी होती ती गेली होती.

पहिला माणूस मिळाला तो भीतीपोटी. लायलने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि मुलांशी दोनच शब्द बोलला होता, "खाली बस." त्या बसमधला डॅरल आता टायरचं दुकान चालवतो, दाराएवढा रुंद झालाय. लायल दुकानात शिरताच तो उठून उभा राहिला आणि काय काम आहे हे न विचारताच हो म्हणाला.

दुसरी मारिसेल. समोरच्या भाड्याच्या घरात राहणारी, फिलिपिन्सहून आलेली, गावच्या छोट्या इस्पितळातली नर्स. लायलला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ती मात्र त्याला रोज सकाळी बघत असे.

"सर लायल, तुम्ही माझ्या दाराशी आलात?" ती म्हणाली. "वर्ष झालं मला इथं. माझ्या दाराशी कुणी आलेलं नाही. खायला काय करू?"

"खायला नको. जाळायचंय," लायल म्हणाला.

"जाळायचं तर जाळू. पण खायला काय करू?"

तिसऱ्यापाशी गाडी अडली. शेजाऱ्याला कळवायचं तर होतंच, आणि शेजारी होता ऑस्कर ट्रेगोनिंग. कित्येक वर्षांपूर्वी ऑस्करने परवाना न काढता कुंपणाकडचं गवत पेटवलं होतं, आणि तक्रारीचा फोन कुणीतरी केला होता. ऑस्करला दंड झाला. कुणीतरी म्हणजे कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण फोन करताना लायलने आपलं नाव नीट स्पेलिंगसह सांगितलं होतं. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

लायल कुंपणापाशी जाऊन खाकरला. ऑस्कर कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"ढीग जाळायचाय," लायल म्हणाला.

"परवाना आहे?" ऑस्करने वर न बघता विचारलं.

"आहे. त्यासाठीच माणूस हवाय. तिसरा."

ऑस्करने उरलेले सगळे दाणे एकाच जागी ओतले. "म्हणजे तू पेटवणार आणि मी पहारा देणार. हे बघायला मी फुकटसुद्धा येईन."

पहिल्या शनिवारी तिघंही वेळेवर आली. लायलने स्वयंपाकघरातल्या खुर्च्या बाहेर आणल्या. घरात खुर्च्या दोनच होत्या, त्याची आणि मर्लची. इतक्यात पूर्वेकडून वारा सुटला, ग्वेंडा आली, तिने बोट ओलं करून हवेत धरलं आणि त्या दिवसापुरता परवाना रद्द केला. मारिसेलने शेवया केल्या होत्या, तेव्हा चहा झाला. चहा होईतो ऑस्कर मर्लच्या खुर्चीत जाऊन बसला होता. लायल काही बोलणार होता, पण ऑस्करने शेवया मागून घेतल्या आणि बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या शनिवारी उन्हाळ्याने जाता जाता डोकं वर काढलं आणि पूर्ण अग्निबंदी लागली. कळवूनही तिघं आली. डॅरलने बसायला ट्रकचा जुना टायर आणला आणि लायल नुसता त्याच्याकडे वळला तरी तो पटकन त्यावर बसे. तिसऱ्या शनिवारी वारा नव्हता, बंदी नव्हती, पण डॅरलला महामार्गावर कुणाचं तरी चाक बदलायला जावं लागलं. दोन माणसांवर जाळता येत नाही. ग्वेंडाने तसं कडक शब्दांत सांगितलं आणि मग मारिसेलने वाढलेलं डुकराचं मटण खायला दीड तास बसली.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर लायल चहाचे कप विसळत होता. इतके कप त्या घरात मर्ल असताना निघायचे. तुटक्या कानाचा कप हातात धरून तो उभा राहिला आणि त्याला एकदम रडू आलं. ढीग जळाला की कुणाला यायचं कारण उरणार नव्हतं. न जळाला तर घर जाणार होतं. घर राखावं तर त्यात पुन्हा एकट्याने राहायचं, आणि माणसं राखावीत तर त्यांना बोलवायला घर नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तुतीच्या काटक्या.

शेवटच्या शनिवारी रोवेना येणार होती. पहाटे लायलला जाग आली. वारा अगदी पडलेला, आभाळ स्वच्छ, जाळायला याहून चांगला दिवस मागून मिळाला नसता. तो थोडा वेळ पलंगावर बसून राहिला. मग त्याने झारी भरली. घराचं काय ते नंतर बघू, आज माणसं येताहेत ती पुढच्या शनिवारीही यायला हवीत, एवढंच त्याला समजत होतं. काठी एका हातात, झारी दुसऱ्या हातात, अर्धं पाणी पायजम्यावर सांडत तो ढिगापाशी पोचला.

ढीग आधीच चिंब होता. फांद्यांवरून पाणी टपकत होतं, खाली चिखल झाला होता. कुंपणावरून एक हिरवी नळी अलीकडे लोंबत होती, आणि पलीकडे ऑस्कर ट्रेगोनिंग झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून, रबरी बूट घालून, नळीचं दुसरं टोक ओढून घेण्याच्या खटपटीत होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ऑस्करने लायलच्या हातातली झारी पाहिली.

"दव पडलंय," ऑस्कर म्हणाला.

"फक्त माझ्या ढिगावर?"

"तुझ्याकडे सखल आहे." ऑस्करने नळी ओढणं सोडलं. "आज जाळून टाकला असतास, तर पुढच्या शनिवारी मी काय केलं असतं? कोंबड्यांशी बोलत बसलो असतो? अजून एकदा दंड झाला तरी चालेल."

"ऑस्कर, आज ढीग गेला नाही तर रोवेना घर विकायला काढणार आहे."

ऑस्करचा चेहरा उतरला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लायल सांगणाऱ्यांपैकी नव्हताच. ऑस्कर तसाच कुंपण ओलांडून आला, आणि दोघं म्हातारे सकाळभर मर्लच्या टॉवेलांनी तुतीच्या फांद्या पुसत बसले. दुपारी मारिसेल आली, तिने इस्पितळातून मागून आणलेला केस वाळवायचा पंखा लावला. डॅरलने टायरमध्ये हवा भरायचं यंत्र आणलं. त्याने फांद्या वाळल्या नाहीत, चिखल मात्र चौघांच्या तोंडावर उडाला.

त्याच वेळी एका दारातून ग्वेंडा आली आणि दुसऱ्या दारातून रोवेना.

रोवेनाने ढीग पाहिला. मग चिखलाने माखलेली चार माणसं पाहिली, टायर पाहिला, टेबलावरच्या झाकलेल्या ताटल्या पाहिल्या. आईच्या खुर्चीत ऑस्करचा कोट टाकलेला होता, त्यावर तिची नजर जरा जास्त वेळ राहिली.

"बाबा, ढीग ओला कसा काय?"

"दव," लायल म्हणाला.

"फार दव, मॅडम," मारिसेल म्हणाली. डॅरलने मान डोलावली आणि लायल वळताच तो खाली बसला.

ग्वेंडाने एक फांदी उचलली, पिळल्यासारखी केली, कुंपणावरच्या नळीकडे पाहिलं. मग ती अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाली, "ओला ढीग पेटवला तर गावभर धूर होईल. आज परवानगी नाही. पुढच्या शनिवारी."

"पण जाळण्यावरचे निर्बंध तर परवा संपतात ना?" रोवेनाने विचारलं. "येताना रस्त्यावर पाटी वाचली. मग परवानाही नको आणि माणसंही नकोत. बाबा एकटा जाळू शकेल."

ऑस्कर नळी गुंडाळू लागला. मारिसेलने ताटलीवरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. लायल आपल्या काठीच्या टोकाकडे बघत राहिला. घर गेलं, असं त्याने मनाशी धरलं होतं. पण त्याला त्याहून वाईट वाटत होतं ते ही माणसं आता येणार नाहीत याचं.

ग्वेंडाने खिशातून परवान्यांचं पुस्तक काढलं. "पाटी बाकीच्या गावाला," ती म्हणाली. "या ढिगाला तीन माणसं लागतील. मी सांगेपर्यंत लागतील."

रोवेना बापाकडे बघत होती. तिने हातातली गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली. घराचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही, आणि नंतरही काढला नाही.

"पुढच्या शनिवारी मी येईन," ती म्हणाली. "काय आणू?"

असल्या प्रश्नांची उत्तरं आयुष्यभर मर्ल देत आली होती. लायलने सवयीने मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्याने स्वतःच परसातली माणसं मोजली.

"खुर्च्या आण," तो म्हणाला.